काचेतून कोण गेलं?

तलवार गिळण्याचे खेळ करून पोट भरणाऱ्या एका माणसाला मॅक्स क्रेमर यांनी १९०६ साली तलवारीऐवजी इलेक्ट्रोड गिळायला लावला. क्रेमर म्युनिकचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून खाली जाते, तेव्हा तिथून हृदयाची वीज जवळून टिपता येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर निघाला. स्नायू, मज्जातंतू, हृदय यांच्यात वीज येते कुठून, या एकाच प्रश्नामागे ते लागले होते. त्याच वर्षी त्यांनी या विषयावर एक लांबलचक निबंध छापला आणि त्यात मध्येच काचेचा एक प्रयोग होता.

जिवंत ऊतींमधले पडदे हाताळायला फार अवघड. म्हणून क्रेमर यांनी पडद्याच्या जागी काच घेतली. फुंकून अतिशय पातळ केलेला काचेचा फुगा, त्याच्या आत एक द्रावण आणि बाहेर दुसरं. एका बाजूला आम्ल असलं की काचेच्या दोन अंगांमध्ये चांगला घसघशीत विद्युतदाब दिसे. क्रेमर यांचं सगळं लक्ष स्नायूंवर होतं. काचेचं पुढे काय करायचं, ते त्यांनी इतरांवर सोडलं.

आम्लाला आम्लपणा येतो तो हायड्रोजनच्या आयनामुळे. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन. तो गेला की मागे उरतो नुसता प्रोटॉन. त्याच्याइतका चिमुकला दुसरा आयन रसायनशास्त्रात नाही. मग हा प्रोटॉन काचेच्या भिंतीतून आरपार जात असेल, हे मनाला सहज पटतं. पुढची कित्येक वर्षं ते अनेक जाणत्यांनाही पटलं होतं. आणि गंमत अशी की, या समजुतीवर विसंबून बांधलेलं उपकरण अचूक चालत राहिलं.

मुळात काचेतून काहीतरी जातं हीच गोष्ट विचित्र वाटते. काच म्हणजे वीज अडवणारी वस्तू. पण काच तापवली की ती वीज वाहू देते, हे अठराव्या शतकापासून माहीत होतं. वाहतं ते नेमकं काय, याचा छडा एमिल वारबुर्ग यांनी १८८४ साली लावला. ते तेव्हा फ्रायबुर्गला प्राध्यापक होते. त्यांनी काचेच्या एका बाजूला सोडियम विरघळवलेला पारा ठेवला, दुसऱ्या बाजूला साधा पारा, काच तीनशे अंशांच्या आसपास तापवली आणि वीज सोडली. थोड्या वेळाने साध्या पाऱ्यात सोडियम सापडायला लागलं. किती विजेला किती धातू, हा फॅरडेचा नियम तंतोतंत पाळून. काच मात्र होती तशीच राहिली. वजन तेच, पारदर्शकता तीच. एका बाजूने जेवढं सोडियम आत शिरलं तेवढंच दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं होतं.

प्रयोगाची दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. वारबुर्ग यांनी दोन्हीकडे साधाच पारा ठेवला तेव्हा वीज थोडा वेळ वाहिली आणि मंदावत गेली. काचेतलं स्वतःचं सोडियम पुढे सरकलं, मागून भरपाई करायला कुणी नव्हतं. त्या बाजूला सोडियम गमावलेला एक पातळ थर तयार झाला आणि त्याने वाट बंद केली.

पुढे टेगेटमायर यांनी सोडियमऐवजी लिथियम वापरून पाहिलं. लिथियम सोडियमच्या पावलावर पाऊल टाकून आत शिरलं, पण लहान आयन मोठ्या आयनाच्या जागी बसल्याने काच धुरकट झाली. पोटॅशियम आकाराने मोठं. ते शिरलंच नाही. म्हणजे काचेच्या सांगाड्यात सोडियमच्या मापाच्या जागा आहेत आणि त्या मापात बसेल त्यालाच प्रवेश आहे, हे एकोणिसावं शतक संपायच्या आत स्पष्ट झालं होतं.

हे सगळं किती खरं आहे ते डोळ्यांनी बघायचं असेल तर रॉबर्ट बर्ट यांचा १९२५ चा प्रयोग आठवावा. बर्ट यांनी विजेचा साधा दिवा घेतला, त्याचा काचेचा फुगा वितळलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये बुडवला आणि दिवा पेटवला. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते काचेच्या आतल्या अंगावर जाऊन पडतील अशी वीजजोडणी केली. काचेतलं सोडियम आतल्या बाजूला सरकलं, इलेक्ट्रॉन मिळाल्यावर धातू झालं, वाफ होऊन उडालं आणि फुग्याच्या थंड भागावर चकचकीत आरसा होऊन बसलं. बाहेरच्या नायट्रेटमधून नवं सोडियम काचेत येत राहिलं. दिव्याला भोक नाही, तडा नाही, आतली निर्वात पोकळीही शाबूत, आणि आत शुद्ध सोडियम!

आता थोडं मागे, १९०९ कडे. ते वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सेन एन्झाइमांवर काम करत होते. एन्झाइमांचं सगळं वागणं आम्लतेवर अवलंबून. ती सांगण्यासाठी दशांशचिन्हापुढे शून्यांची माळ लिहीत बसण्यापेक्षा सोपी मोजपट्टी हवी, म्हणून त्यांनी पीएच ही मोजपट्टी आणली. माती परीक्षणाच्या अहवालात आपल्या शेतकऱ्याला दिसणारा ‘सामू’ तो हाच. एक अंक खाली आला की हायड्रोजन आयन दहापट. सोरेन्सेन तो मोजत असत हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडने. प्लॅटिनमच्या पत्र्यावर प्लॅटिनमचीच काळी बारीक पूड चढवायची आणि त्यावरून हायड्रोजनचे बुडबुडे सोडत राहायचे. पद्धत अचूक, पण फार नाजूक. द्रावणात गंधकाचं एखादं संयुग असलं की प्लॅटिनम निकामी.

त्याच वर्षी कार्ल्सरुह इथे फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच हा तेविशीच्या आतबाहेरचा पोलिश तरुण क्रेमरची काच हातात घेऊन बसले होते. २८ जानेवारी १९०९ रोजी त्यांनी कार्ल्सरुहच्या रसायन मंडळासमोर आपलं काम मांडलं. काचनळीच्या टोकाला फुंकलेला पातळ गोळा, तो द्रावणात बुडवायचा आणि दोन बाजूंचा दाब संवेदनशील इलेक्ट्रोमीटरवर वाचायचा. आम्लात थेंबथेंब अल्कली घातली की दाब आधी संथ, मग एकदम उडी मारून, मग पुन्हा संथ बदलत जाई. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत काढलेला तो नागमोडी आलेख काचेच्या गोळ्याने काढला तो पहिल्यांदा इथे. सामूच्या दर अंकामागे पंचवीस अंश तापमानाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट, म्हणजे हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला जितके मिळावेत तितकेच. आणि इथे ना प्लॅटिनम, ना बुडबुडे.

हाबर यांना या काचेचं पुढे काही करायला सवड झाली नाही. त्याच वर्षी २ जुलैला बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर त्यांच्या यंत्रातून अमोनिया थेंबाथेंबाने ठिबकू लागला आणि जगाच्या शेतीचा व युद्धाचा इतिहास वेगळ्या वळणाला लागला. क्लेमेन्सिएविच यांचा दुसरा जीव डोंगरात. तात्रा पर्वतातल्या गिर्यारोहणावर त्यांनी १९१३ मध्ये पुस्तकही लिहिलं.

काचेचा गोळा मग दहाबारा वर्षं जवळजवळ अडगळीत पडला. कारण अगदी व्यवहारी होतं. काचेचा विद्युतरोध दहा कोटी ओहमच्या घरात. एवढ्या रोधातून येणारी वीज इतकी क्षीण की साध्या गॅल्व्हानोमीटरचा काटा ढिम्म हलत नसे. रोध कमी करायला काच पातळ करावी, तर गोळा नुसत्या धक्क्याने फुटे. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मॅकिनेस आणि डोल यांनी १९३० च्या सुमारास नाना प्रकारच्या काचा तपासल्या आणि एक मिश्रण ठरवलं. ७२ भाग सिलिका, २२ भाग सोडियम ऑक्साइड, ६ भाग कॅल्शियम ऑक्साइड. कॉर्निंग कंपनीच्या यादीत तिचा क्रमांक ०१५ होता आणि पुढची अनेक वर्षं सामू मोजायची काच म्हणजे हीच.

या आकड्यांवर जरा थांबायला हवं, कारण गुन्ह्याच्या जागेवर पडलेला हा पुरावा बराच काळ कुणी नीट वाचला नाही. बाटलीच्या साध्या काचेत सोडियम ऑक्साइड चौदापंधरा टक्के असतं, इथे बावीस. ही काच पाणीही जास्त पिते. उलट सोडियम नसलेली शुद्ध सिलिकेची काच आम्ल ओळखतच नाही. हायड्रोजन मोजणारी सगळ्यात चांगली काच सोडियमने खच्चून भरलेली का असावी?

या प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधी काच बाजारात गेली. कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय फळं पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था होती. सनकिस्ट हे तिचं नाव संत्र्यांवरून सगळ्यांना ठाऊक. टाकाऊ लिंबांच्या रसापासून पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल काढायचं तर रसाची आम्लता रोज मोजायला हवी. पण रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला. तो लिटमसचा रंग उडवी आणि प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड मारून टाकी. काचेचा गोळा चाले, पण वरचेवर फुटे. तिथले रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ १९३४ मध्ये आपले कॉलेजचे मित्र आर्नल्ड बेकमन यांच्याकडे ही रड घेऊन गेले. बेकमन तेव्हा कॅलटेकमध्ये शिकवत. त्यांनी काचेला हात लावला नाही. दोन निर्वात नळ्यांचा प्रवर्धक जोडला. आता क्षीण वीजही पुरेशी झाली आणि गोळा जाड, दणकट ठेवता आला. काही महिन्यांनी जोसेफ परत आले ते दुसरा नग मागायला, कारण पहिला सहकाऱ्यांनी पळवला होता. तेव्हा बेकमन यांच्या लक्षात आलं की ही वस्तू विकली जाईल. अक्रोडाच्या लाकडी पेटीत सगळा संसार बसवलेला त्यांचा मीटर १९३५ पासून १९५ डॉलरला मिळू लागला. महामंदीच्या दिवसांत ही किंमत थोडी नव्हती, तरी तो खपला. त्या खपावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या पैशातूनच पुढे शॉकली यांची सिलिकॉनची प्रयोगशाळा निघाली, आणि सिलिकॉन व्हॅलीची मुळं शोधणाऱ्याला लिंबाच्या रसापर्यंत जावं लागतं. आपल्या साखर कारखान्यांत चुना घालून रस निवळवताना सामू सातच्या आसपास ठेवायची धडपड चालते, ती काचेच्या याच जातीच्या गोळ्याच्या भरवशावर.

काटा बरोबर आकडा दाखवत होता, पण काचेत घडत काय होतं? प्रोटॉन एवढा लहान, तेव्हा काच म्हणजे फक्त त्यालाच आरपार सोडणारी चाळणी, हे सोपं स्पष्टीकरण बरीच वर्षं चाललं. लेनिनग्राडच्या बोरिस निकोल्स्की यांनी १९३७ मध्ये वेगळं चित्र मांडलं. काचेचा पृष्ठभाग द्रावणाशी आयनांची अदलाबदल करतो. पाण्यात भिजलेल्या काचेच्या वरवरच्या थरातून सोडियम बाहेर पडतं, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. द्रावणात हायड्रोजन आयन जास्त की कमी, त्यानुसार या थरावरचा विद्युतभार बदलतो आणि तोच भार मीटर वाचतो. द्रावण फार अल्कधर्मी झालं की हायड्रोजन आयन इतके विरळ होतात की सोडियम पुन्हा त्या जागांवर घुसतं आणि आकडा चुकतो. ही ‘सोडियमची चूक’ सगळ्यांनाच छळत होती. फिलाडेल्फियाच्या पर्ली यांनी १९४९ मध्ये सोडियमऐवजी लिथियमची काच आणून ती बरीच आटोक्यात आणली.

तरीही आरपार कोण जातं, याचा निकाल लागायचा होता. तो लावला पूर्व जर्मनीत, साठीच्या दशकात, कुर्ट श्वाबे आणि डाम्स यांनी. त्यांनी हायड्रोजनवर खूण केली. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. तो कुठेही गेला तरी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात आपला पत्ता सांगतो. ट्रिटियमयुक्त द्रावणातून काचेच्या आरपार वीज सोडली. प्रोटॉनच वीज नेत असतील, तर दुसऱ्या बाजूला ट्रिटियम यायलाच हवं होतं. ते आलं नाही. प्रोटॉन वरच्या भिजलेल्या थरात घुटमळून थांबतात. मधल्या कोरड्या काचेत वीज पुढे ढकलतात ते सोडियमचे किंवा लिथियमचे आयन, जागच्या जागी एखादी खुर्ची पुढे सरकून. वारबुर्गनी पाऱ्यात पाहिलेलं सोडियमच इथेही मधलं काम करत होतं. कॉर्निंगच्या त्या बावीस भागांचा उलगडा झाला.

माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच आहे. चाळणीचं स्पष्टीकरण टिकलं नाही, पण त्यामुळे सामूच्या मोजणीचा एक आकडाही हलला नाही. तो नकार कामाला आला वेगळ्याच माणसांना. प्रोटॉनला खरोखरच आरपार नेणारी काच हवी असेल तर काय करू नये, ते त्यातून कळत होतं.

ती काच हवी होती हायड्रोजनसाठी. इंधनघटात हायड्रोजनचा प्रोटॉन एका बाजूने निघून पलीकडे ऑक्सिजनला भेटतो, पाणी होतं आणि वीज मिळते. तोच घट उलटा चालवला की वाफेतून हायड्रोजन निघतो. दोन्हीत मधली भिंत प्रोटॉन सोडणारी, पण वायू अडवणारी हवी. १९६५ मध्ये जेमिनी यानात प्लॅस्टिकची भिंत होती; पुढे ड्युपॉन्टचं नेफिऑन आलं. हे प्लॅस्टिक ओलं राहिलं तरच चालतं, म्हणून शंभर अंशांच्या वर फारसं जाता येत नाही, आणि एवढ्या कमी तापमानाला महागडं प्लॅटिनम लागतंच. दुसऱ्या टोकाला चिनीमातीच्या जातीचे पदार्थ. जपानच्या हिरोयासु इवाहारा यांनी १९८१ मध्ये स्ट्रॉन्शियम सेरेटची चकती वापरून वाफेपासून हायड्रोजन काढून दाखवला. भिंतीतून फक्त प्रोटॉन येत असल्याने पलीकडे मिळणारा हायड्रोजन कोरडाच असतो. पण तापमान भट्टीचं. मधला टप्पा, साधारण दोनशे ते चारशे अंशांचा, रिकामा होता.

या रिकाम्या जागेकडे नागोयातल्या योशिहिरो आबे यांची काच बोट दाखवत होती. १९८२ मध्ये त्यांनी शिमाकावा आणि लॅरी हेंच यांच्यासोबत फॉस्फेटच्या काचेत प्रोटॉन वाहतात असं दाखवलं. हेंच म्हणजे हाडाला चिकटणारी काच बनवणारे तेच अमेरिकन. वितळलेल्या काचेत थोडं पाणी राहूनच जातं. ते ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या रूपात सांगाड्यात अडकतं. सिलिकेच्या काचेत ही जोडी घट्ट. हायड्रोजन सुटत नाही. फॉस्फरसशेजारचा ऑक्सिजन मात्र हायड्रोजनला सैल धरतो आणि शेजारच्या ऑक्सिजनलाही त्याची ओढ असते. मग स्लॅब टाकताना घमेलं जसं या हातातून त्या हातात जातं आणि माणसं आपापल्या जागी उभी राहतात, तसा प्रोटॉन एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे जातो. हायड्रोजन जितका सैल बांधलेला तितकी वाट सोपी, हे नातं आबे यांच्या गटाने १९८८ मध्ये आकड्यांत मांडलं. त्याच दशकात प्रकाशतंतू बनवणारे लोक मात्र याच जोडीला काचेतून हाकलायला जिवाचं रान करत होते, कारण १.३८ मायक्रोमीटरच्या आसपास ती प्रकाश गिळते.

अडचण होती संख्येची. काच वितळवायला हजार अंशांची भट्टी लागते आणि तिथे पाणी वाफ होऊन निघून जातं. उरतं ते थोडंच. नागोयाचेच मासायुकी नोगामी यांनी नव्वदीच्या दशकात भट्टीच टाळली. द्रावणातून सिलिका आणि फॉस्फेटचं जेल बनवायचं आणि ते काही शे अंशांपर्यंतच तापवायचं. मिळणारी काच बारीक छिद्रांनी भरलेली, छिद्रांत पाणी, आणि त्या पाण्यातून प्रोटॉन झपाट्याने पळतात. वहन प्लॅस्टिकच्या तोडीचं, पण पाणी उडालं की वहनही गेलं.

तेव्हा उत्तर आलं ते वारबुर्गच्या वाटेने. ताकाहिसा ओमाता, त्यांचे सहकारी इशियामा, निशी आणि कावाझोए यांनी २०१३ मध्ये छापलेली युक्ती अशी. प्रोटॉन वितळलेल्या काचेत टिकत नाहीत ना? मग आधी सोडियमची फॉस्फेट काच नेहमीसारखी वितळवून घ्या. तिची चकती कापा. एका अंगावर पॅलेडियमचा पातळ लेप द्या, ती हायड्रोजनमध्ये ठेवा, चारशे अंशांच्या आसपास तापवा आणि लेपाच्या बाजूला धन टोक जोडा. पॅलेडियम हायड्रोजनचे रेणू फोडतो. इलेक्ट्रॉन तारेने निघून जातो आणि प्रोटॉनला काचेत शिरण्यावाचून गत्यंतर नसतं. तो एकेक सोडियम पुढे रेटतो. ऋण बाजूला साठलेलं सोडियम काच खराब करायचं, म्हणून पुढच्या प्रयोगांत तिथे वितळलेलं कथील ठेवलं, म्हणजे बाहेर पडलेलं सोडियम त्यात विरघळून जातं. पाऱ्याच्या जागी कथील, एवढाच काय तो सव्वाशे वर्षांतला फरक! तासन्‌तास वीज सोडली की चकतीतलं जवळपास सगळं सोडियम जाऊन त्याच्या जागा प्रोटॉन घेतात, आणि टेगेटमायरच्या लिथियमसारखी ही काच धुरकट होत नाही.

काचेत दाणे नसतात, म्हणून दाण्यांच्या सांध्यांवर प्रोटॉन अडकत नाही आणि वायूही झिरपत नाही. मऊ करून तिला पातळ ओढता येते. पण तापमान थोडं जास्त चढलं की हीच काच मऊ पडते, पाणी सोडते, आणि पाण्याबरोबर प्रोटॉनही जातात. शिवाय फॉस्फेटची काच पाण्याला भिते, आणि इंधनघटात तर वाफ असणारच, पाणी हेच त्याचं उत्पादन. म्हणून पुढच्या मिश्रणांत लँथॅनम, नायोबियम, जर्मेनियम, बेरियम, बोरॉन असा एकेक पाहुणा थोडाथोडा येत गेला. कुणी सांगाडा घट्ट करायला, कुणी पाण्याला तोंड द्यायला. ओमाता सध्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात आहेत. दोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान प्रोटॉन पुरेसा वेगाने जावा आणि काचही टिकावी, एवढ्यासाठी त्यांच्या गटाच्या चकत्या अजून कथलावर तापत आहेत.